पाकिटाची दर्शनी बाजू

बिस्किटाच्या पुड्यामागे बारीक अक्षरांत एक तक्ता छापलेला असतो. ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, वरून घातलेली साखर, संपृक्त मेद, सोडियम. तो बहुधा इंग्रजीत असतो, कारण कायद्याला इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी पुरते. मराठी छापणे उत्पादकाच्या मर्जीवर. मिठाचा आकडा तर सरळ मिळतच नाही. सोडियमचे मिलिग्रॅम असतात, त्यांना अडीचने गुणायचे आणि मग लक्षात ठेवायचे की दिवसाकाठी ५ ग्रॅम मीठ म्हणजे २००० मिलिग्रॅम सोडियम. कडेवर मूल घेऊन दुकानात उभी असलेली बाई हे गणित करणार नाही. तिने ते करावे अशी अपेक्षा धरणेच चूक आहे.

म्हणून जगभर पाकिटाच्या पुढच्या बाजूचा विचार सुरू झाला. ब्रिटनने लाल-पिवळा-हिरवा असे सिग्नलचे रंग आणले, फ्रान्सने २०१७मध्ये अक्षरांची श्रेणी स्वीकारली, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने २०१४पासून अर्ध्या ते पाच ताऱ्यांचे मानांकन. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८च्या मसुद्यात लाल रंगाची खूण सुचवली होती. सप्टेंबर २०२२च्या मसुद्यात मात्र तारे आले, तेही पहिली ४ वर्षे ऐच्छिक. त्यासाठी अहमदाबादच्या आयआयएमकडून करवून घेतलेल्या पाहणीचा आधार होता.

ताऱ्यांना माझा विरोध त्यांच्या हिशेबामुळे आहे. साखर, मीठ, संपृक्त मेद आणि ऊर्जा यांचे दोषगुण मोजायचे, मग तंतू, प्रथिने, फळे, डाळी, भरडधान्ये यांच्या नावाने त्यातले काही वजा करायचे आणि उरेल त्यावर तारे द्यायचे. दहावीला गणितात नापास झालेल्या मुलाला मराठीच्या मार्कांवर आपण पास करत नाही. इथे मात्र नेमके तसेच पास केले जाते. नाचणीचे पीठ घातले म्हणून बिस्किटातली साखर कमी होत नाही. रक्तदाब असलेल्या माणसाच्या शरीरात मीठ मिठाचेच काम करते, सोबत प्रथिने कितीही असोत. शिवाय तारा ही शाबासकीची खूण आहे. दोन तारे मिळालेला पदार्थही काहीतरी कमावून आल्यासारखा दिसतो.

चिलीने वेगळा रस्ता धरला. २०१२मध्ये कायदा झाला, जून २०१६पासून तो लागू झाला. मर्यादा ओलांडली की पाकिटावर काळा अष्टकोन: साखर जास्त, सोडियम जास्त, संपृक्त मेद जास्त, ऊर्जा जास्त. चारही ओलांडल्या तर चार अष्टकोन. असा पदार्थ शाळेत विकता येत नाही, त्याची जाहिरात चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी करता येत नाही. सिरियलच्या खोक्यांवरची मुलांना भुलवणारी कार्टूनही उतरवावी लागली. पहिल्या दीड वर्षात अशी खूण मिळालेल्या पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे २०२०मधल्या अभ्यासात दिसले. यात शाळा आणि जाहिरातींवरच्या बंदीचाही वाटा आहे, सगळे श्रेय अष्टकोनाला देता येणार नाही. पण पेरू, उरुग्वे, मेक्सिको हे देश त्याच वाटेने गेले.

आपल्याकडचा ग्राहक अशी खूण वाचणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी चौकटीतला हिरवा ठिपका आठवावा. शाकाहारी घरातली शाळेत न गेलेली आजीसुद्धा पाकीट उलटसुलट करून तो शोधते. दोन दशकांहून अधिक काळ ही खूण सक्तीची आहे आणि ती शिकवायला कोणाला शिबिर घ्यावे लागले नाही. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३मध्ये आयसीएमआरच्या पाहणीने मांडला. त्यांच्यासाठी तितकीच सोपी, कोणत्याही लिपीवाचून कळणारी खूण छापायला अडचण कसली?

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. चिलीच्या शेवटच्या टप्प्यातली मर्यादा शंभर ग्रॅममागे ४०० मिलिग्रॅम सोडियमची आहे. त्या मापाने आपली लोणची, पापड, शेव, बहुतेक सगळी खूण मिळवतील. लोणचे शंभर ग्रॅम कोणी खात नाही, हे खरे. तोंडी लावण्याच्या पदार्थांसाठी वेगळा विचार जरूर व्हावा. पण फरसाणाला परंपरेच्या नावाखाली सूट देऊ नये. दिवाळीत घरी केलेली शेव एका डब्यात संपते; पाकिटातली वर्षभर, पाच-दहा रुपयांना, शाळेच्या फाटकापाशी मिळते.

पाकिटावरच्या खुणेचे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२५मध्ये न्यायालयाने तज्ज्ञ समितीला शिफारशींसाठी तीन महिन्यांची मुदत दिली. खरी ओढाताण मर्यादांच्या आकड्यांवर होईल. त्या सैल ठेवल्या तर अष्टकोनही शोभेचा ठरेल. चिलीने त्या २०१६, २०१८ आणि २०१९ अशा तीन टप्प्यांत आवळल्या, म्हणजे उत्पादकांना पदार्थाची कृती बदलायला वेळ मिळाला. मोठ्या कंपन्यांना तेवढा वेळ पुरे. बचतगटांना आणि गृहउद्योगांना तो जास्त द्यावा, आणि प्रयोगशाळेतल्या तपासणीचा खर्च सरकारने उचलावा.