पेपरचा खाडा

शेजारी सहज बोलून गेले आणि माझी झोप उडाली. बाहेर पाऊस, चेन्नईतल्या अंबत्तूरच्या आमच्या गल्लीत घोटाभर पाणी, आणि जिन्यात उभा राहून मी २०१५च्या पुराची माझी ठेवणीतली गोष्ट सांगत होतो. रात्रभर कोसळलेला पाऊस, गेलेली वीज, मुके फोन. आणि २ डिसेंबरला सकाळी गॅलरीत स्टुलावर बसून, चहाचा पेला सांभाळत मी ‘द हिंदू’ उघडतो, तर पहिल्याच पानावर आपलं बुडालेलं शहर! शेजाऱ्यांचं आयुष्य इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेथवर गेलेलं. त्यांना सुताचाही फरक खपत नाही. म्हणाले, “सार, अन्नैक्कि पेपरे वरलिये.” त्या दिवशी पेपर आलाच नव्हता.

मी हसण्यावारी नेलं आणि घरात येऊन गुपचूप शोधलं. म्हातारा बरोबर होता. त्या पावसात एकट्या तांबरमला चोवीस तासांत ४९ सेंटिमीटर पाणी पडलं. मरैमलै नगरच्या छापखान्यात कामगार पोचू शकले नाहीत आणि १८७८पासून निघणाऱ्या पेपरचा चेन्नईचा अंक पहिल्यांदाच निघाला नाही. जो पेपर छापलाच गेला नाही, तो मी इतकी वर्षं लोकांना वाचून दाखवतोय.

माणूस विसरतो, यात नवल नाही. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणाऱ्याला एबिंगहाउसचा १८८५चा विस्मरणाचा आलेख कशाला दाखवायचा? पण मी काही विसरलेलो नाही. मला जास्तीचं आठवतंय, आणि दुखणं तेच आहे.

आपल्या भाषेत पाठ असणं वेगळं आणि आठवणं वेगळं. पाठ आपण करतो, आठवण येते. ‘मला आठवतं’ म्हणताना मी कर्ता नसतोच, पाहुणा आलेला यजमान असतो. एकोणतिसाचा पाढा मला अजून येतो, पण कुठल्या दिवशी पाठ झाला ते विचारू नका. पाठाला तारीख नसते, मात्र चुकला की लगेच अडखळायला होतं. आठवणीला तारीख असते, वेळ असते, चहाचा वाससुद्धा असतो. फक्त चुकली तर कळत नाही. टल्विंग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली प्रसंगांची स्मृती आणि ज्ञानाची स्मृती अशी जी वाटणी केली, ती याच्या बरीच जवळ जाते. याच मद्रासेत जन्मलेल्या राजन महादेवन यांनी १९८१मध्ये पायचे ३१,८११ अंक ओळीने म्हणून दाखवले. तो पाठ. त्या दिवशी न्याहारीला काय होतं, असं आज विचारलं तर तेही तुमच्या-माझ्यासारखेच चाचपडतील, असं मला आपलं वाटतं. आपल्या नैयायिकांनी तर स्मृतीला प्रमाणांच्या पंगतीत बसूच दिलं नाही. पूर्वी मला हा त्यांचा कोतेपणा वाटायचा.

माझं खरं भांडण आहे ब्राउन आणि कुलिक या मानसशास्त्रज्ञांच्या जोडीशी. १९७७ साली त्यांनी मांडलं की केनेडींच्या हत्येसारखी धक्कादायक बातमी कानावर पडली, की मेंदूत जणू फ्लॅश उडतो आणि त्या क्षणाचं चित्र टिकून राहतं. कल्पना इतकी गोंडस की मीही तिच्यावर जगत होतो. पुढे १९८६च्या जानेवारीत चॅलेंजर यान फुटलं. दुसऱ्याच दिवशी मानसशास्त्रज्ञ नाइसर यांनी विद्यार्थ्यांकडून ‘बातमी कुठे, कशी कळली’ ते लिहून घेतलं आणि अडीचेक वर्षांनी पुन्हा विचारलं. ४४पैकी ११ जणांचं एकही उत्तर जुळलं नाही. स्वतःच्या हातचा कागद दाखवूनही जुनी आठवण परतली नाही.

खुद्द नाइसरही सुटले नव्हते. पर्ल हार्बरची बातमी आली तेव्हा आपण रेडिओवर बेसबॉलचं समालोचन ऐकत होतो, असं त्यांना पक्कं आठवे. डिसेंबरात कुठलं बेसबॉल? नंतर इतरांनी दाखवून दिलं की त्या दिवशी फुटबॉलचा सामना होता, आणि दोन्ही संघांची नावं बेसबॉलच्या संघांसारखीच होती. म्हणजे रेडिओ खरा, सामना खरा, खेळ तेवढा बदललेला.

इथे माझाच विचार फिरला. आगळावेगळा दिवस मनावर कोरला जातो, रोजचे दिवस वाहून जातात, हे मी धरून चाललो होतो. माझ्या गोष्टीत उलटंच घडलंय. त्या सकाळी पेपर नव्हता, म्हणजे एक भोक होतं. आणि ते बुजवलं हजारो साध्या सकाळींनी, ज्यांत स्टूल होतं, चहा होता, पेपर होता. मानसशास्त्रज्ञ बार्टलेटने १९३२मध्ये हेच सांगितलं होतं: आठवताना माणूस ओळखीचं सामान घेऊन नव्याने बांधकाम करतो. पहिल्या पानावरचं ते छायाचित्र बहुधा नंतरच्या एखाद्या अंकातलं असेल. पण पूर लक्षात राहिला तो रोजच्या सवयीच्या जिवावर, आणि सवयीने आपली किंमत वसूल केली.

काल बायकोने फडताळ आवरायला काढलं. डब्यांखाली जुन्या ‘कालनिर्णय’ची पानं अंथरलेली, त्यांत डिसेंबर २०१५चंही निघालं. बुधवार, २ तारखेच्या चौकोनात निळ्या बॉलपेनने लिहिलंय: दूध नाही, पेपर खाडा.

अक्षर माझं आहे.