प्रतिपक्षावांचूनचे हात

शस्त्रविद्येंत व मल्लविद्येंत पूर्वापार चालत आलेले ‘हात’ प्रतिपक्षी समोर नसतांना वर्षानुवर्षें घोटावे, यांत विद्या किती व आत्मवंचना किती? आमच्या मतें हा प्रश्न केवळ आखाड्यापुरता नाहीं. गुरु शिष्याला काय देतो, आणि काय दिल्याचें सांगतो, या दोहोंतील अंतराचा तो प्रश्न आहे.

दक्षिण चीनमधील मुष्टियुद्धाच्या परंपरांत अशा ठरीव हातांची माळच गुरु शिष्याच्या स्वाधीन करतो. हुंग घराण्याचा शिष्य घोड्यावर मांड ठोकल्याप्रमाणें गुडघे वांकवून दीर्घकाळ उभा राहण्यास शिकतो, आणि वाघ व बगळा यांच्या चालींवर बसविलेली मालिका घोटतो. विंग चुन परंपरेंत रित्या हातांच्या मालिका अवघ्या तीन. मात्र त्यांच्या जोडीला तीन हात व एक पाय असलेला लांकडी पुतळा असतो. फोशानचे यिप मान (१८९३–१९७२) यांनीं १९५० पासून हाँगकाँगमध्यें ही विद्या शिकविली. त्यांचाच शिष्य ब्रूस ली पुढें ठरीव मालिकांवर उलटला. जिवंत माणूस ठरल्याप्रमाणें वार करीत नाहीं, हा त्याचा मुख्य आक्षेप.

लांकडाचा प्रतिपक्षी आम्हांस नवा नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांच्या नांवाशीं जोडला गेलेला मल्लखांब हा नांवाप्रमाणेंच मल्लाचा खांब. एरंडेल चोळलेल्या त्या खांबाला विळखा घालून मल्ल आपली पकड तयार करी. आज मल्लखांबपटु कुस्ती खेळतोच असें नाहीं. पण आपण कोणास चीत करूं असें तो म्हणतही नाहीं, म्हणून त्याच्या कलेंत खोट नाहीं. पट्ट्याची गोष्ट निराळी. पट्टा, विटा, बोथाटी, लाठी यांचे हात कोल्हापूरकडील तालमींनीं निष्ठेनें जपले. लढाया सरल्या, १८७८ चा हत्यारांचा कायदा आला, तरी हात राहिले. शिवजयंतीच्या मिरवणुकींत आपण ते पाहतों. फिरणाऱ्या पट्ट्याभोंवतीं जें वर्तुळ पडतें त्यांत कोणी शिरत नाहीं. शिरला तर काय होईल, हें ना खेळणारा जाणतो ना पाहणारा.

याच्या शेजारीं जुन्नरकडील जत्रांतला कुस्त्यांचा हगामा ठेवून पाहावा. आणे पठारासारख्या कोरडवाहू मुलखांतला पोरगाही प्रथम ठरीव डावच शिकतो. धोबीपछाड वस्ताद त्याच्याकडून शंभर वेळां करून घेतो. परंतु त्याच मातींत समोरचा पोरगा तो डाव होऊं देत नाहीं. पाठ लागली कीं लागली. तेथें तालमीचें नांव सांगून भागत नाहीं. रेवड्यांवर लागलेली लहानग्यांची कुस्तीसुद्धां ही परीक्षा चुकवीत नाहीं.

मग परीक्षा नसलेले हात टाकून द्यावे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. जी चाल आज निरर्थक भासते, तिचा अर्थ उद्यां एखाद्या जाणत्याला उलगडेल. चालच मोडली तर उलगडण्यास कांहीं उरणार नाहीं. एकट्यानें घोटलेल्या हातांनीं अंगाला तोल येतो, हाही लाभ थोडा नव्हे. जपणारानें ते जसेच्या तसे जपावे. त्यांच्या नांवावर अभय मात्र विकूं नये.

आणि तें विकलें जातें. सुटींत आठ-दहा दिवसांत मुलींना लाठीचे चार हात शिकवून ‘आतां तुम्हांस कोणाचें भय नाहीं’ असें सांगणारीं शिबिरें ठिकठिकाणीं भरतात. हेतु चांगला असेल. परंतु त्या शब्दावर विसंबून एखादी मुलगी, जेथून धांवत सुटावें तेथें, पाय रोवून उभी राहिली, तर तिच्या जिवाचें उत्तर कोणी द्यावयाचें? वर्गणी भरतांना आईबापांनीं शिक्षकास एवढेंच विचारावें, कीं हिचें मनगट घट्ट धरून ठेवील, सोडणारच नाहीं, अशी दुसरी मुलगी आपण समोर उभी करतां काय, आणि किती वेळां? पुष्कळ ठिकाणीं शेवटच्या दिवशीं रांगेंत उभें राहून हात होतात, पाहुणे टाळ्या वाजवितात, प्रशस्तिपत्रें वाटलीं जातात. ती झटापट मात्र एकदांही झालेली नसते.