खाड्याचा हिशेब

लहान मुलाला कॅन्सर झाल्याचं कळलं की भोवतालची माणसं आईबापांच्या धीराचं कौतुक करू लागतात. कौतुक मनापासूनचं असतं. समाजाला ते स्वस्तात पडतं, एवढंच. दोन-अडीच वर्षं चालणारा उपचार नुसत्या धीरावर निभत नाही. त्याला परळच्या टाटा हॉस्पिटलच्या आसपास डोकं टेकायला जागा लागते, रोजगारावरच्या बापाचे खाडे भरून निघावे लागतात आणि गावाकडे आजीजवळ ठेवलेल्या धाकट्या भावंडाचीही सोय लागते. हा सगळा खर्च उपचाराच्या बिलातच धरला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. आज तो कुटुंबाचा खाजगी मामला मानला जातो.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर म्हणजे रक्ताचा, त्यातही लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. 1948 साली बोस्टनच्या सिडनी फार्बरनी या आजाराला काही काळ थोपवून दाखवलं, ते आंध्रच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या अमिनोप्टेरिनच्या जोरावर. आज श्रीमंत देशांत ही शंभरातली ऐंशीहून अधिक मुलं बरी होतात. आपल्याकडे आकडा खाली राहतो. उशिरा होणारं निदान, जंतुसंसर्ग, कुपोषण अशी त्याची कारणं आहेतच. पण एक कारण निव्वळ संसाराचं आहे, ते म्हणजे अर्ध्यावर सुटलेला उपचार. टाटा मेमोरियलमध्ये 2009च्या सुमारास साधारण पाचातलं एक मूल उपचार नाकारत किंवा सोडत होतं. राहण्याची जागा, पैसा, आहार, समुपदेशन आणि न आलेल्यांचा पाठपुरावा यांची व्यवस्था लागल्यावर पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण 5 टक्क्यांच्या आत आलं. आईबाप तेवढेच शिकलेले होते, तेवढेच गरीब होते. त्यांना अडाणी ठरवणाऱ्यांनी या आकड्याकडे जरा नीट बघावं.

खरी परीक्षा हॉस्पिटलमधल्या केमोनंतर सुरू होते. मूल घरी येतं, केस पुन्हा उगवतात, शाळा सुरू होते. गोळ्या मात्र दीड-दोन वर्षं चालूच राहतात. रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. मूल लहान असलं तर आज अर्धी गोळी, उद्या पाऊण, आणि रक्तपेशींचे काउंट पडले की पुन्हा डोस बदलायचा. हे सगळं फाईलमधल्या एका कागदावरून आईने सांभाळायचं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात 95 टक्क्यांहून कमी गोळ्या घेणाऱ्या मुलांत आजार उलटण्याचा धोका अडीच पटींहून जास्त आढळला. म्हणजे महिन्याला दोन गोळ्या चुकल्या तरी मूल त्या धोक्याच्या गटात जातं. मध्यरात्री ताप चढला तर सकाळची वाट पाहून चालत नाही. तालुक्याच्या गावापासून आत राहणाऱ्याने त्या वेळी गाडी कुठून आणायची, हा प्रश्नही मग वैद्यकशास्त्राचाच होतो.

महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, रेल्वेची सवलत आहे, आणखी काय हवं, असं कोणी विचारेल. या दोन्हींचा आधार मोठा आहे, पण योजना हॉस्पिटलचं बिल भागवते. बुडालेली मजुरी कोणी भागवत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गोवर, कुपोषण, बाळंतपण यांना पैसा अपुरा असताना मोजक्या मुलांवर इतका खर्च का? खर्च करूच नये, असं ज्याला म्हणायचं आहे त्याने ते उघड म्हणावं. महागडे पहिले महिने सरकारने पार पाडायचे आणि नंतर बसभाड्यापायी मूल गमवायचं, यात कसली काटकसर? फुकट दिलं की माणसं सोकावतात, या तिसऱ्या आक्षेपात मला दम वाटत नाही. पोराच्या पाठीत सुई टोचून घ्यायला कोणी हौसेने मुंबईला येत नाही.

आज हा भार सेंट ज्यूड इंडियाची निवासकेंद्रं, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन अशा संस्था उचलतात. तिथे जागा न मिळालेली कुटुंबं हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर प्लास्टिकखाली राहतात, आणि काउंट शून्याजवळ गेलेलं मूल त्याच धुळीत झोपतं. क्षयरोग्याच्या पोषणासाठी सरकार थेट खात्यात पैसे जमा करतं. तशीच रक्कम, उपचार संपेपर्यंत, या मुलांच्या आईच्या खात्यात जमा व्हावी, आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अशा मुलांची नावानिशी नोंद ठेवणारा एक माणूस असावा. पुढच्या अर्थसंकल्पात आपल्या आमदाराकडे एवढं तरी मागा.