धार आणि हात

माहीमच्या आमच्या जुन्या घराचीं कौलें गेल्या वैशाखांत उतरविलीं, तेव्हां माळ्यावरील एका पत्र्याच्या पेटींत आजोबांचा वस्तरा सांपडला. त्याच्याबरोबर एक चामोटी, वापरून गुळगुळीत झालेला एक निसणा आणि पारा उडालेला लहानसा आरसा होता. चामोटी वाळून कडक झाली होती. पात्यावर तांबूस गंज चढला होता. समुद्रावरून येणारें खारें वारें आमच्या गांवांत लोखंडाला फार दिवस सुखानें राहूं देत नाहीं, हें नारळीपोफळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांत कोयता चालविणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. तरीहि आंतलें पोलाद शाबूत होतें. मला सेवानिवृत्त होऊन बरींच वर्षें झालीं आहेत. हाताशीं वेळ होता. हा वस्तरा पुनः चालता करावा आणि त्यानें आपली दाढी आपण करावयास शिकावें, असें मनानें घेतलें. त्या वेळीं तो केवळ एक छंद वाटला. पुढें त्यांतून एक प्रश्न निघाला, आणि तो वाचकांपुढें ठेवण्यासाठीं हा लेख लिहीत आहें.

प्रश्न असा कीं, सुरक्षितता कोठें असावी: हत्यारांत कीं हातांत?

शिकण्यासाठीं मी गांवांतील एका वृद्ध कारागिराकडे गेलों. त्यांचें वय ऐंशीच्या पुढें आहे. दुकान आतां नातू चालवितो. आम्ही लहानपणापासून त्यांना काका म्हणत आलों. त्यांनीं वस्तरा उघडून उजेडांत धरला, त्याची धार अंगठ्याच्या नखावरून हलकेच नेली आणि म्हणाले, "भाऊ, पोलाद चांगलं आहे. पण घाई केलीत तर तें तुम्हांलाच कापील." पहिले आठ दिवस त्यांनीं मला गालाला पातें लावूं दिलें नाहीं. राख आणि खोबरेल यांनीं गंज काढण्यांतच दोन दिवस गेले. मग निसणा. निसण्यावर पातें सपाट निजवावयाचें, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या, आणि धार पुढें ठेवून सारखें न्यावयाचें. वस्तऱ्याची पाठ जाड असते ती याचसाठीं. धारेचा कोन तीच ठरविते, आणि हातानें ती किंचित् जरी उचलली तरी कोन बिघडतो. चामोटीवर याच्या अगदीं उलट: तेथें पाठ पुढें आणि धार मागें. पट्ट्याच्या शेवटास आलें कीं पातें पाठीवर उलटावयाचें, धारेवर कधींहि नाहीं. नाहीं तर चामडेंहि कापलें जातें आणि धारहि जाते.

ह्या सर्व खटाटोपाचें कारण मला मागाहून समजलें. धारेचें टोंक इतकें पातळ असतें कीं एका दाढीनेंहि तें डोळ्यांना न दिसेल असें वांकतें. चामोटी त्यास पुनः सरळ करते. निसणा झिजलेल्या जागीं नवी धार घडवितो. म्हणून चामोटी प्रत्येक वेळीं आणि निसणा कांहीं महिन्यांनीं. काका म्हणाले, "धार एकदां लावून होत नाहीं, ती रोज राखावी लागते." दाढी झाल्यावर पातें पुसावयाचें, कोरडें करावयाचें आणि तेलाचा पुसट हात फिरवून मिटावयाचें. एक दिवस मी हें विसरलों, आणि दुसऱ्या दिवशीं धारेवर बारीक ठिपके आले. चार दिवसांचें काम वाया गेलें.

प्रत्यक्ष दाढीचे नियम थोडे आहेत. ऊन पाण्यानें केंस मऊ करावे, डाव्या हातानें कातडी ताणावी, पातें गालाशीं सुमारें तीस अंशांचा कोन करील असें धरावें, केंसांच्या वाढीच्या दिशेनें न्यावें आणि दाब देऊं नये. धार तिच्या लांबीच्या दिशेनें तसूभर जरी सरकली, तरी ती केंस सोडून कातडी कापते. पहिल्याच आठवड्यांत माझ्या हनुवटीवर जखम झाली. त्या क्षणीं मी घराच्या दुरुस्तीच्या खर्चाचा विचार करीत होतों. तेव्हांपासून त्या दहा मिनिटांत मी दुसरा विचार करीत नाहीं. करतांच येत नाहीं. कठोपनिषदानें आत्मज्ञानाच्या मार्गाला वस्तऱ्याच्या धारेची उपमा कां दिली असावी, आणि संत सेना महाराजांनीं आपल्या धंद्याच्या हत्यारांवर परमार्थाचें रूपक कां रचलें असावें, हें मला पुस्तकांपेक्षां त्या आरशापुढें अधिक समजलें.

येथें कोणीहि म्हणेल कीं ज्या वस्तूशीं असें जपून वागावें लागतें, ती वस्तूच बदलणें शहाणपणाचें. हा विचार नवा नाहीं. 1769 सालीं पॅरिस येथील चाकू-वस्तरे घडविणारा कारागीर जाँ-जाक पेरे यानें, आपली दाढी आपण कशी करावी हें शिकविणारें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. हाताला सावध करण्यासाठीं लिहिलेल्या त्याच पुस्तकांत त्यानें पात्यावर लांकडी आड बसविलेल्या वस्तऱ्याचेंहि वर्णन केलें आहे. म्हणजे हातास शिकविणाऱ्यालाच हाताचा पुरता भरंवसा नव्हता! पुढें 1904 सालीं अमेरिकेंत किंग कँप जिलेट यांस पातळ, वापरून टाकून देण्याजोग्या पात्याच्या यंत्राचें पेटंट मिळालें, आणि धार राखण्याचें काम घराघरांतून निघून कारखान्यांत गेलें. चामोटी व निसणा यांची गरज उरली नाहीं.

यांत मनुष्यजातीचें कांहीं नैतिक नुकसान झालें काय? प्रथम मला तसें वाटूं लागलें होतें. जी वस्तु चूक क्षमा करीत नाहीं ती माणसाला सावध करते, आणि जी क्षमा करते ती त्याला सैल सोडते, असें एक गोंडस सूत्र मीं मनाशीं बांधलें होतें. पण तें टिकेना. माझे वडील जन्मभर पात्याच्या यंत्रानें पांच मिनिटांत दाढी उरकून पालघरची गाडी गांठीत. त्यांच्याइतका दक्ष माणूस मीं दुसरा पाहिला नाहीं. उलट उघड्या वस्तऱ्यानें दाढी करणारे सर्वच पूर्वज दक्ष होते असें म्हणण्याचें धाडस त्यांचे वंशजहि करणार नाहींत.

शिवाय दुसऱ्याच्या गालाचा प्रश्न वेगळा आहे. काकांचा नातू प्रत्येक गिऱ्हाइकासाठीं नवें पातें उघडतो, त्याचा अर्धा तुकडा वस्तऱ्यांत बसवितो आणि काम झालें कीं त्याच्यासमक्ष टाकून देतो. काविळीचा एक प्रकार रक्तावाटें पसरतो. एड्सच्या विषाणूची लागण 1986 सालीं भारतांत प्रथम आढळली, आणि त्यानंतर ही काळजी सर्वत्र आवश्यक झाली. हातांतली कला गेली म्हणून काकांना वाईट वाटत असेल, अशा समजुतीनें मीं विचारलें. ते म्हणाले, "माझ्या हातावर माझा विश्वास आहे, भाऊ. पण रक्तांतलं हाताला दिसत नाहीं. पोरगा करतो तेंच बरोबर." आपल्या हनुवटीवर जो सद्गुण, तोच दुसऱ्याच्या हनुवटीवर निष्काळजीपणा ठरूं शकतो, हें मला त्या एका वाक्यानें पटलें. जेथें हत्यारांत सुरक्षितता ठेवतां येते तेथें ती ठेवावी. तिला कमीपणा मानूं नये.

प्रश्न येथेंच संपला असता. परंतु एके दिवशीं चामोटी ओढतां ओढतां मला त्या ओळखीच्या आवाजाबरोबर एक जुनी गोष्ट आठवली.

आजोबांच्या थोरल्या भगिनी आमच्याच घरीं असत. त्यांना सर्वजण आत्याबाई म्हणत. त्या अगदीं लहान वयांत विधवा झाल्या होत्या. मीं पाहिल्या तेव्हां, म्हणजे 1955 सालच्या सुमारास, त्यांनीं सत्तरी ओलांडली होती. अंगावर तांबडें आलवण, डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर. पंधरा दिवसांनीं एकदां काकांचे वडील मागल्या दारानें येत. विहिरीच्या कडेला आत्याबाई भिंतीकडे तोंड करून बसत, आणि चामोटीवर वस्तरा ओढल्याचा आवाज येई. एकदां मी पाहावयास गेलों, तेव्हां आजोबांनीं दंड धरून मला आंत नेलें. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता; दुसरें कांहीं होतें. तेव्हां तें मला समजलें नाहीं.

काकांच्या वडिलांचा हात गांवांत नांवाजलेला होता. आत्याबाईंच्या डोक्याला कधीं ओरखडाहि उठला नाहीं. म्हणजे माझ्या प्रश्नाच्या भाषेंत बोलावयाचें तर येथें सुरक्षितता पूर्णपणें हातांत होती, आणि तो हात कधींहि चुकला नाहीं. तरीहि दर पंधरवड्यास त्या बाईला इजा होत होती. ती कातडीला नव्हती, एवढेंच.

मीं भीतभीत काकांना विचारलें, त्यांचे वडील याविषयीं कांहीं बोलत काय. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "घरीं आले कीं हात धुवायचे, आणि त्या दिवशीं दुसरं काम घ्यायचे नाहींत. आई विचारायची, मग कशाला जातां? तर म्हणायचे, वर्षाचं भात त्याच घरांतून येतं."

मुंबईस 1890 सालीं काय घडलें होतें तें वाचकांस ठाऊक असेल. सत्यशोधक कार्यकर्ते, गिरणी कामगारांचे पुढारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें तेथील शेंकडों नाभिकांनीं एकत्र जमून विधवांचें केशवपन न करण्याचा निश्चय केला. सुधारकांचीं व्याख्यानें, शास्त्रार्थ आणि पत्रव्यवहार यांनीं जें होईना, तें करण्याचें सामर्थ्य आपल्या हातांत आहे हें त्या माणसांनीं ओळखलें. रूढीस शास्त्राचा आधार कितीहि असो, वस्तरा धरणारा हात मिळाला नाहीं तर ती चालत नाहीं. सुरक्षित यंत्र कातडीचें रक्षण करील. पण तें कामाला नकार देऊं शकत नाहीं. नकार देण्याची शक्ति हातांतच असते.

पालघर स्थानकापासून मुंबई शंभर किलोमीटरांच्या आंत आहे. तरी त्या सभेनंतर पासष्ट वर्षांनीं आमच्या मागल्या दारीं वस्तरा चालत होता. काकांच्या वडिलांस भित्रे म्हणणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं. मुंबईच्या कारागिरास रोज रोख पैसे देणारीं अनेक गिऱ्हाइकें होतीं, आणि बरोबर शेंकडों जातभाई होते. माहीमच्या कारागिराच्या चुलीवरचें भात एका खळ्यांतून येत होतें, आणि तें खळें आमचें होतें. आजोबा वाचणारे गृहस्थ होते. सुधारणेवरील निबंध त्यांनीं वाचले असलेच पाहिजेत. ज्या सकाळीं मागल्या दारीं तें काम चाले, त्याच सकाळीं पुढल्या ओटीवर बसून ते ह्याच वस्तऱ्यानें आपली दाढी करीत. नाहीं म्हणणें ज्याला परवडणारें नव्हतें त्यानें निदान हात धुतले. ज्याला तें सहज परवडणारें होतें, त्यानें नातवाचा दंड धरून त्याला आंत नेलें. आजोबांवर माझें प्रेम होतें आणि आहे. म्हणूनच हें लिहावयास मला इतके महिने लागले.

तेव्हां माझ्या प्रश्नाचें उत्तर मला आतां असें वाटतें. सुरक्षितता हत्यारांत ठेवतां येईल तितकी ठेवावी. कौशल्य हातांत असावें. परंतु हें काम करावें कीं करूं नये, हा निर्णय कोणत्याहि हत्यारावर सोंपवितां येत नाहीं, आणि कौशल्यानेंहि तो आपोआप होत नाहीं. तो करणारा हात मोकळा असावा लागतो, आणि तो मोकळा ठेवण्याची जबाबदारी त्या हाताकडून काम करवून घेणाऱ्यांची असते. आज आपल्या घरीं वस्तरा घेऊन कोणी येत नाहीं. दुसरीं अनेक माणसें दुसरीं अनेक हत्यारें घेऊन येतात. त्यांतील कितीजण आपणांस नाहीं म्हणूं शकतात, हें प्रत्येक कुटुंबानें एकदां मोजून पाहावें.

वस्तरा आतां चांगला चालतो. चामोटी टांगण्यासाठीं ओटीवर जागा होती, तरी खिळा मीं मागल्या दाराशीं ठोकला आहे. तेथून विहिरीची कड दिसते.