पाणी कुठवर येतं

सैल बसा. श्वास मुद्दाम लांबवू नका. आपला आपण येतो-जातो, तेवढं पुरे.

आता मनानं ग्रेट निकोबारच्या एखाद्या खाडीवर जा. कांदळ आणि चिपी या खारफुटीच्या झाडांचं रान. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि चिपीची मुळं वर तोंड करून हवा घेतात. भरतीत ती दम धरतात. पुन्हा ओहोटी. या ये-जावर थोडा वेळ मन राहू द्या.

२६ डिसेंबर २००४. त्सुनामीच्या लाटा आल्या, बरंच मोडून परत गेल्या. पण भूकंपानं बेटच मीटरभराहून जास्त खचलं होतं. दक्षिण टोकाला, इंदिरा पॉइंटला तर सुमारे ४ मीटर. तिथल्या दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. लाटेतून वाचलेल्या खारफुटीला त्यानंतर पुरती ओहोटी मिळालीच नाही. ती उभ्या उभ्या गुदमरली. तिकडे उत्तर अंदमानात जमीन वर उचलली गेली, भरती पोचेना, आणि तीच झाडं वाळली. एका किनाऱ्यावर पाणी हटेना, दुसऱ्यावर येईना. इथून लगेच पुढे जाऊ नका. दोन्ही किनारे एकदम मनात धरणं अवघड आहे. जमेल तेवढं धरा.

आता हातात कांदळाची शेंग आहे असं समजा. आईच्या अंगावरच रुजलेली, हिरवी, लांबट, टोकदार. कुठे खोचाल? हात जुन्याच जागी जाईल. श्रीलंकेत त्सुनामीनंतर लावलेल्या खारफुटीची पुढे पाहणी झाली, तेव्हा २३ पैकी ९ ठिकाणी एकही रोप उरलं नव्हतं. चुकीची जागा हे त्याचं एक मोठं कारण. ओळीनं खोचलेली रोपं फोटोत मात्र फार छान दिसतात!

शेंग हातातच असू द्या. पाणी बघा. उधाणाला कुठवर चढतं, भांगाच्या भरतीला कुठवर येतं, मधली जागा किती वेळ उघडी राहते. निकोबारात पूर्वी किनारी जंगल होतं तिथे काही भागांत आता भरती खेळते, आणि वाहत आलेलं बी तिथे कुणी न लावता रुजलंही आहे.

निकोबारी माणसाला एवढं थांबून चालत नाही. त्याच्या जेवणात नारळ आहे, केवड्याच्या जातीच्या झाडाचं फळ आहे, आणि माड धरायला वर्षं लागतात. म्हणून उंचावर माडाचा खड्डा आजच खणायचा. शेंगेसाठी मात्र अमावास्येचं उधाण येऊ द्या; पाणी पोचेल तिथे एक काठी रोवा.