नामदेवांचे मडके कच्चे का ठरले?

शंका : सोलापूर जिल्ह्यातील एका शिक्षकांनी विचारले आहे. ते रोज हरिपाठ म्हणतात, एकादशी धरतात. तरीही शाळेत नव्याने आलेल्या तरुण सहकाऱ्याने सर्वांदेखत त्यांची चूक दाखवली, तेव्हा त्यांचे मन दिवसभर धुमसत राहिले. साधना करूनही अहंकार का जात नाही? आणि तो समूळ गेलाच, तर पुढे जाण्याची जिद्द कुठून यायची?

समाधान : संतचरित्रांत तेरच्या गोरोबाकाका कुंभारांच्या घरची एक कथा येते. संतमंडळी जमली होती. कोपऱ्यातले थापटणे पाहून मुक्ताबाईंनी हे काय, म्हणून विचारले. मडके कच्चे की पक्के ते याने कळते, असे उत्तर मिळाले. मग इथली मडकीही तपासा, अशी त्यांनी गळ घातली. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारत निघाले. सगळे निमूट बसले. नामदेव मात्र चिडले, आणि हे मडके कच्चे असा निकाल लागला.

ज्यांच्या हातचा नैवेद्य खुद्द विठ्ठलाने खाल्ला, त्यांना कच्चे म्हणावे! नामदेव गाऱ्हाणे घेऊन तडक पंढरपूरला आले. देवाने कैवार घेतला नाही. विसोबा खेचरांना गुरू करायला सांगितले. औंढा नागनाथच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून पहुडले होते. ते पाय उचलून दुसरीकडे ठेवायला गेल्यावर तिथेही पिंडीच दिसली, असे कथा सांगते.

या कथेत नामदेवांच्या भक्तीला कुणीही नावे ठेवलेली नाहीत. उणीव होती ती तपासून घेण्याच्या तयारीची. हरिपाठाने अहंकार जातोच असे नाही. ‘रोज हरिपाठ करणारा मी’ असे त्याला नवे आसनही मिळते. म्हणून गुरुजींच्या साधनेची परीक्षा देवघरात होणार नाही, शिक्षकांच्या खोलीतच होईल.

राहिली जिद्द. विसोबांना गुरू केल्यावरही ती नामदेवांची आटली नाही. ते पंजाबपर्यंत गेले, घुमानला राहिले. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदे आहेत. 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, ते त्यांच्याच नात्याने. गुरुजींनी उद्या त्या तरुणाकडे जाऊन, चुकलेली गोष्ट सर्वांसमोरच शिकून घ्यावी.

शंका : पुण्यात दुकानात काम करणाऱ्या एका ताईंना मालक गिऱ्हाइकांसमोर टाकून बोलतो. घरचे म्हणतात, नमते घे, संतांनीही सोसले. अपमान गिळणे म्हणजेच नम्रता का?

समाधान : मुळीच नाही. घरच्या मंडळींनी इथे संतांची साक्ष काढू नये.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांइतका नम्र भक्त शोधून सापडणार नाही. पण देवाला जाब विचारणारे अभंगही त्यांचेच आहेत. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि चोखोबा त्याखाली गेले. परंपरा सांगते की नामदेव स्वतः तिथे गेले, ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी वेचून आणल्या आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी बांधली. पक्के झालेले मडके ते हे. ज्याला जग शिवत नव्हते, त्याच्या अस्थी त्यांनी हाताने वेचल्या.

तरी चोखोबांच्या बांधवांना पुढे शतकानुशतके विठ्ठलाचे देऊळ बंदच राहिले. चोखोबांच्या नम्रतेचे गोडवे गाणाऱ्यांनीच ते बंद ठेवले, ही लाजेची गोष्ट आहे. अखेर 1 मे 1947 रोजी साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले. ‘श्यामची आई’ लिहिणारा हा माणूस स्वभावाने अतिशय मृदू, पण या प्रश्नावर प्राण पणाला लावून बसला. मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर 10 मे रोजी त्यांनी उपोषण सोडले. गुरुजींच्या नम्रतेत त्यामुळे तसूभरही उणे आले नाही.

ताईंनी कामात चूक झाली असेल तर ती मोकळेपणाने कबूल करावी. टाकून बोललेले मात्र खपणार नाही, हेही मालकाला त्याच वेळी, आवाज न चढवता सांगावे. आणि तसे सांगताना घरच्यांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे.