शेवाळ आणि उंदीर

प्राणी आणि वनस्पती यांत अधिक मोलाचे कोण, असे विचारिल्यास बहुतेक जण प्राण्याचेच नाव घेतील. हे उत्तर विचारांती टिकते काय, ते आम्ही दोन उदाहरणांवरून पाहू.

इंग्लंडातील डर्बीशायर परगण्यात एका ओढ्यातील चुनखडीच्या खडकांवर एक शेवाळ वाढते. त्याचे शास्त्रीय नाव थॅम्नोब्रियम अँगस्टिफोलियम. त्यास खरी मुळे नाहीत, फूल नाही, बीही नाही. जगात अन्यत्र ते आढळत नाही. म्हणून त्याची गणना अतिसंकटग्रस्तांत होते, आणि ब्रिटनचा कायदा त्याचे रक्षण करितो.

दुसरे उदाहरण उंदराचे. ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी यांच्यामधील सामुद्रधुनीत ब्रॅम्बल के नावाचे अवघे काही एकरांचे वाळूचे बेट आहे. तेथील उंदीर सस्तन, म्हणजे वर्गीकरणाने आपल्याच वर्गातला. समुद्राचे पाणी वारंवार बेटावर चढून झाडोरा मेला, आणि त्यासरशी त्याचा चारा व आसराही गेला. २००८ साली त्याच्या रक्षणाची योजना कागदावर उतरली. २००९ नंतर तो कोणाच्या दृष्टीस पडला नाही. २०१४ साली शोध केला तो व्यर्थ गेला. २०१९ साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारने तो नामशेष झाल्याचे मान्य केले.

वर्गीकरण नाते सांगते. संकटाची यादी शेवट किती जवळ आहे ते सांगते. मोल मात्र दोन्हींपैकी एकही सांगत नाही. आजारी लेकराजवळ आई अधिक बसते, ती ते इतरांहून थोर म्हणून नव्हे. उंदीर आपल्या नात्याने जवळचा खरा, पण त्या नात्याने तो वाचला नाही.

कोणी म्हणेल, उंदीर गेला तर बिघडले काय? कणगीतले धान्य राखण्यासाठी शेतकरी उंदीर मारितो, त्यास आम्ही दोष देत नाही. एक मेला तरी त्याची जात उरते. परंतु जातच संपली म्हणजे ती परत आणण्याचा उपाय मनुष्याच्या हाती राहत नाही. यास्तव, हे आपल्या उपयोगाचे काय, एवढेच विचारून भागत नाही. हे गेल्यास परत मिळेल काय, आणि राखणे आज आपल्या हाती आहे काय, हेही विचारिले पाहिजे. उंदराविषयी हे विचारण्याची वेळ टळली. शेवाळाविषयी अद्याप टळलेली नाही.